कबूल केलं की सुटका: नशामुक्तीचं राष्ट्रीय धोरण वाचताना

पीएचडीचा विषय काय, असं कुणी विचारलं आणि मी "अमली पदार्थांबाबतचं राष्ट्रीय धोरण" असं उत्तर दिलं, की समोरचा माणूस आधी थोडा मागे सरकतो आणि मग हमखास म्हणतो, "बापरे, म्हणजे पेडलर वगैरे?" नाही हो. माझे दिवस बहुतेक पीडीएफ वाचण्यात जातात. कायदा, त्याच्या दुरुस्त्या, मंत्रालयांचे कृती आराखडे, सर्व्हेचे अहवाल. एखाद्या कादंबरीची समीक्षा करतात तसं हे सगळं एकाला एक लावून वाचायचं आणि बघायचं की ही कागदपत्रं एकमेकांशी बोलतात का. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. पण सुरुवात पीडीएफपासून न करता कोर्टातल्या एका सकाळपासून करते, कारण माझा मुद्दा मला तिथेच सापडला.

मुंबईतल्या एका दंडाधिकारी कोर्टात मी काही दिवस शेवटच्या बाकावर बसून नोंदी घेत होते. एक पोरगा पुकारला गेला. वय बावीस-तेवीस असेल. भंगार वेचतो, फुटपाथवर झोपतो. आरोप कलम २७चा, म्हणजे सेवनाचा. गांजाची चिलीम ओढताना सापडला होता. साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? तो म्हणाला, हो साहेब. कोर्ट उठेपर्यंत कैद आणि थोडा दंड. तीन मिनिटंही लागली नाहीत. मग तो माझ्यापासून दोन बाकं पुढे येऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत पंख्याकडे बघत राहिला. ती त्याची कैद.

मधल्या सुट्टीत मी एका वकिलांना विचारलं, सर, ६४अ का नाही वापरलं? ते हसले. "मॅडम, त्याला आज संध्याकाळी सुटायचंय. ६४अ म्हणजे तारखा."

ही ६४अ काय भानगड आहे? आपला एनडीपीएस कायदा १९८५ सालचा. १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली आणि १४ नोव्हेंबरला तो लागू झाला. अफूची शेती, कारखाने, तस्करी, साठा, सेवन, सगळं त्यात एकत्र आहे. त्यातलं कलम २७ म्हणतं, सेवन हा गुन्हा आहे. हेरॉइन, कोकेन, मॉर्फिन असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही; बाकी पदार्थांना सहा महिने किंवा दहा हजार. आणि त्याच कायद्यातलं कलम ६४अ म्हणतं, सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल आणि ते घेईल, तर तिच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. याशिवाय कलम ३९ आहे. दोषी ठरल्यावरसुद्धा कोर्ट शिक्षा बाजूला ठेवून माणसाला उपचारांसाठी पाठवू शकतं.

कागदावर हे चांगलंच आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वहीत "मानवीय!" असं उद्गारचिन्हासकट लिहून ठेवलं होतं. आता त्या पानाकडे बघवत नाही.

कारण प्रश्न कलमाचा नाही, त्याच्यापर्यंत पोचायच्या रस्त्याचा आहे. ६४असाठी आधी तुम्ही 'व्यसनाधीन' आहात हे सिद्ध व्हायला लागतं. महिन्यातून एकदा गांजा ओढणारा व्यसनाधीन नसतो, म्हणून त्याला हे दार बंद. म्हणजे ज्याला व्यसन नाही त्याच्यावर खटला, ज्याला आहे त्याला माफी. आणि ज्याला खरंच व्यसन आहे, त्याला वकील हवा, अर्ज हवा, मान्यताप्राप्त केंद्रात जागा हवी, केंद्राचं पत्र हवं, आणि या सगळ्या काळात पोट भरायची काही सोय हवी. २०१२ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने एका चित्रपट अभिनेत्याला ६४अखाली संरक्षण दिलं होतं, त्याची बातमी तुम्ही वाचली असेल. योग्यच निर्णय होता तो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अटक २००१ची आणि सुटका २०१२ची! अकरा वर्षं तारखांना हजर राहणं फुटपाथवरच्या पोराला जमेल का?

त्यात जामिनाचा घोळ. ऑक्टोबर २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका खूप गाजलेल्या प्रकरणात म्हटलं, की एनडीपीएसमधले सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत. मग किरकोळ सेवनाच्या आरोपीसमोर दोन पर्याय उरतात. लढा आणि आत राहण्याचा धोका पत्करा, किंवा कबूल करा आणि संध्याकाळी घरी जा. तुम्ही काय कराल? मी तर कबूल करीन.

हे एका सकाळीच माझ्या नजरेला पडलं असं नाही. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांत २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत निकाली निघालेले दहा हजारांहून जास्त एनडीपीएस खटले तपासले. जवळपास सगळे सेवनाचे, बहुतांश गांजा-चरसचे, आरोपी मुख्यतः रोजंदारीवर जगणारे आणि झोपडपट्टीत किंवा रस्त्यावर राहणारे. बहुतेकांनी गुन्हा कबूल केला. याच संस्थेने त्याआधी २०१३ ते २०१५ या काळातल्या पंजाबच्या खटल्यांचा अभ्यास केला होता. त्यात कोर्टाने व्यसनमुक्तीसाठी पाठवलेला एकही माणूस त्यांना सापडला नाही. पंजाब म्हणजे जिथे प्रत्येक निवडणूक नशेच्या प्रश्नावर लढवली जाते ते राज्य, हे लक्षात घ्या.

कुणी म्हणेल, कोर्ट उठेपर्यंतची तर कैद आहे, त्यात एवढं काय? त्यात हे, की ती दोषसिद्धी आहे. त्या पोराला उद्या डिलिव्हरीचं काम किंवा वॉचमनची नोकरी मिळत असेल आणि पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं, तर चिलमीचा हा कागद बाहेर येणार. भंगार वेचण्यातून बाहेर पडायची जी एक वाट असते, तीच आपण बंद करतो. तेही तीन मिनिटांत, आणि त्याच्याच तोंडून 'हो' म्हणवून घेऊन.

आता पीडीएफकडे.

२०१९ साली सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राकडून करून घेतलेल्या सर्व्हेचा अहवाल प्रसिद्ध झाला. माझ्या मते हा गेल्या कित्येक वर्षांतला या विषयावरचा सर्वांत प्रामाणिक सरकारी दस्तऐवज आहे. दोन लाखांहून जास्त घरं, पावणेपाच लाखांच्या आसपास माणसं. शिवाय वेगळ्या पद्धतीने गाठलेले सत्तर हजारांवर व्यसनाधीन लोक. ही दुसरी पद्धत का लागते? घरी जाऊन "तुम्ही गर्द ओढता का हो?" असं विचारलं तर कोण हो म्हणेल? शिवाय गर्द ओढणारा बरेचदा घरात नसतोच. म्हणून आधी काही व्यसनी लोकांना गाठायचं, त्यांच्यामार्फत त्यांच्या ओळखीतल्यांना गाठायचं, आणि या साखळीतून हिशोब करत मोठा अंदाज काढायचा. किचकट काम आहे, पण त्यांनी ते नेटकं केलंय.

त्यातून काय दिसलं? भारतात अफूवर्गीय पदार्थ (अफू, हेरॉइन आणि त्या जातीच्या गोळ्या) घेणारे साधारण २.२६ कोटी, लोकसंख्येच्या २.१ टक्के. जगाची सरासरी ०.७ टक्के आहे, म्हणजे आपण तिप्पट. यातल्या सुमारे ७७ लाख लोकांना मदतीची गरज आहे. सुईने नशा घेणारे साडेआठ लाख. व्हाइटनर-सोल्यूशन हुंगणाऱ्यांमध्ये मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे. १.१७ टक्के मुलं, मोठे ०.६ टक्क्यांच्या आत. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, अवैध पदार्थांच्या व्यसनात अडकलेल्या वीस माणसांमागे फक्त एकाला कधीतरी भरती होऊन उपचार मिळालेत. दारूचं तर विचारूच नका. अडतीसांत एकाला कसलीही मदत मिळालेली.

थोडक्यात, सर्व्हे ओरडून सांगतोय की उपचार नाहीत. माणसं आहेत, आजार आहे, खाटा नाहीत.

मग धोरणाने काय केलं? २०१८ ते २०२५ या काळासाठीचा राष्ट्रीय कृती आराखडा होता. १५ ऑगस्ट २०२०ला 'नशामुक्त भारत अभियान' सुरू झालं. या सर्व्हेच्या आणि एनसीबीच्या माहितीवरून निवडलेल्या २७२ जिल्ह्यांत आधी, नंतर सगळीकडे. ही निवड शहाणपणाची होती. पण अभियानाचा प्रगती अहवाल वाचायला घेतला, की मोजलेलं दिसतं ते असं: किती कोटी लोकांपर्यंत पोचलो, किती विद्यार्थ्यांनी शपथ घेतली, किती स्वयंसेवक नेमले. शपथ! शाळेच्या मैदानावर ऊन खात हात पुढे करून घेतलेली शपथ मीही घेतलीय, तंबाखूविरोधी. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या खिशात तेव्हा पुडी होती.

जनजागृती वाईट असं मी म्हणत नाही. पण सर्व्हेने जो आकडा दाखवला, तो 'वीसांत एक'चा आकडा सुधारला का, हा प्रश्न आराखड्याने स्वतःला विचारायला हवा होता. शपथांच्या संख्येतून त्याचं उत्तर मिळत नाही.

दुसऱ्या बाजूला पोलिसांचे आकडे. इथे थोडं थांबून समजावते, कारण वर्तमानपत्रांत याचा गोंधळ दरवर्षी होतो. एनसीआरबीच्या अहवालात केरळमध्ये एनडीपीएसचे गुन्हे २०२१ला साडेपाच हजारांच्या वर होते. २०२२ला ते साडेसव्वीस हजारांच्या वर गेले. एका वर्षात केरळमधली नशा पाचपट झाली का? शक्यच नाही. पोलिसांनी मोहीम काढली. गुन्ह्यांचा हा आकडा नशा मोजत नाही, पोलिसांचा उत्साह मोजतो. खुनाचा आकडा वेगळा असतो, कारण प्रेत सापडतं, फिर्यादी असतो. सेवनाच्या गुन्ह्यात फिर्यादी पोलीसच. जितके शोधाल तितके सापडतील. आणि शोधायला सर्वांत सोपा कोण? जो उघड्यावर ओढतो तो. टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर पंचनामा करायला जाणं कटकटीचं असतं.

म्हणजे गंमत बघा. सप्टेंबर २०२१मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरावर टाल्कम दगडाच्या नावाखाली आलेलं जवळपास तीन हजार किलो हेरॉइन पकडलं, तोही एनडीपीएस. आणि चिलीम ओढणारा भंगारवाला पोरगा, तोही एनडीपीएस. अहवालात सेवन आणि तस्करी वेगळ्या रकान्यांत असतात, पण पत्रकार परिषदेत सांगताना बेरीज सांगतात.

मात्रेचंही असंच. कायद्यात २००१ पासून अल्प मात्रा, व्यापारी मात्रा आणि मधली मात्रा असे टप्पे आले. ती सुधारणा चांगली होती, त्याआधी सरसकट दहा वर्षांची किमान शिक्षा होती. हेरॉइनची अल्प मात्रा ५ ग्रॅम, व्यापारी २५० ग्रॅम. गांजाची १ किलो आणि २० किलो. पण वजन कशाचं करायचं? सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं, मिश्रणातल्या शुद्ध अमली पदार्थाचं. २०२० मध्ये हीरा सिंग खटल्यात ते फिरवलं आणि भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं ठरलं. कारण समजण्यासारखं आहे, विकणारा भेसळ करूनच विकतो. पण रस्त्यावरच्या गर्दमध्ये मालापेक्षा भेसळच जास्त असते. दोन-चार दिवसांची पुडी एकदम घेऊन ठेवणारा, रोज टर्की लागू नये म्हणून धडपडणारा गर्दुल्ला ५ ग्रॅमच्या पलीकडे सहज जातो. गेला की कमाल शिक्षा दहा वर्षं, आणि ६४अचं दार कायमचं बंद. सर्वांत जास्त व्यसनात असलेल्या माणसालाच व्यसनाची सवलत नाही. असं कुणी मुद्दाम ठरवलं असेल असं मला वाटत नाही. प्रत्येक तुकडा आपापल्या जागी ठीक दिसतो, जोडल्यावर हे होतं.

आणि तुकडे जोडायचे कुणी? कायदा वित्त मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे. १९८६ पासूनची एनसीबी गृह मंत्रालयाकडे. व्यसनमुक्ती केंद्रं सामाजिक न्याय मंत्रालयाकडे. सरकारी दवाखान्यातले व्यसनोपचार आणि नाको आरोग्य मंत्रालयाकडे. नाको एचआयव्ही रोखण्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देते. रोज केंद्रावर यायचं, जिभेखाली गोळी ठेवायची, तलफ शांत राहते, माणूस कामाला जाऊ शकतो. उत्तम कार्यक्रम आहे. पण तो मुळात सुईने नशा घेणाऱ्यांसाठी आखलेला, कारण नाकोची चिंता एचआयव्हीची. फॉइलवर ओढणाऱ्याने काय करायचं? आधी सुई हातात घ्यायची? माझ्या गाइडना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे वाक्य प्रबंधात घालू नको, पण विसरूही नको." म्हणून इथे घातलंय.

मराठी वाचकांना यात एक योगायोग जाणवेल. १९८५ला दिल्लीत हा कायदा झाला. १९८६ला पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने 'मुक्तांगण' सुरू केलं. अवचटांचं 'गर्द' आपल्यापैकी अनेकांनी शाळा-कॉलेजात वाचलंय. तीच नशा, तोच काळ. एकाला त्यात मुद्देमाल दिसला, दुसऱ्याला आजारी पोरं दिसली. मी मुक्तांगणची भाटगिरी करत नाहीये. एक संस्था देशाचं धोरण होऊ शकत नाही. पण उपचार कसे करायचे हे आपल्याला ठाऊक नव्हतं, ही सबब उरत नाही.

"मग काय, कायदाच काढून टाकायचा?" हा प्रश्न मला प्रत्येक सेमिनारमध्ये येतो आणि लगेच पोर्तुगालचं नाव निघतं. पोर्तुगालने १ जुलै २००१पासून सेवन आणि दहा दिवस पुरेल इतका साठा हा फौजदारी गुन्हा ठेवला नाही. तो बेकायदाच राहिला, पण पोलिसांनी पकडलं की माणूस कोर्टात न जाता तीन सदस्यांच्या एका आयोगासमोर जातो. त्यात कायद्याचं, आरोग्याचं, समाजकार्याचं माणूस असतं. तिथे बघतात, हा व्यसनी आहे की हौशी. हौशी असेल तर बहुतेकदा प्रकरण तिथेच थांबवतात, व्यसनी असेल तर उपचारांकडे वळवतात. सुईने नशा घेणाऱ्यांमधला एचआयव्ही तिथे खूप खाली आला. पण त्याचं श्रेय एकट्या कायद्याला देणारे लोक अर्धीच गोष्ट सांगतात. त्याच काळात त्यांनी उपचारांवर पैसा ओतला. पुढे आर्थिक संकटात, २०१२ नंतर, त्या सेवांची मोडतोड झाली तेव्हा रस्त्यावरच्या नशेच्या तक्रारी परत सुरू झाल्या. कायदा तोच होता.

अमेरिकेतल्या ओरेगनने उलटं करून दाखवलं. २०२१च्या फेब्रुवारीपासून अल्प साठ्यावर फक्त शंभर डॉलरची पावती, हेल्पलाइनला फोन केला तर तीही माफ. उपचारांचे पैसे मात्र उशिरा पोचले, त्यात फेंटानिलची लाट आली. लोक वैतागले आणि सप्टेंबर २०२४पासून तो पुन्हा गुन्हा झाला. दार उघडलं, पण दारापलीकडे खोलीच बांधली नव्हती.

आपल्याकडे उलटी अडचण आहे. खोल्या कमी असल्या तरी आहेत, पण मधली गल्ली नाही. दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात व्यसनी कोण हे बघायला कुणी बसलेलं नाही. समुपदेशक नाही, केंद्राचा प्रतिनिधी नाही, जवळच्या सरकारमान्य केंद्रात आज खाट आहे का हे सांगणारा कागदही नाही. साहेबांच्या समोर पन्नास फायली असतात आणि 'कबूल' हा एकच शब्द फाइल बंद करतो. २०२१ मध्ये बातम्या आल्या होत्या, की सामाजिक न्याय मंत्रालयाने स्वतःच सेवनाच्या कलमात बदल सुचवलाय, वैयक्तिक वापरासाठी तुरुंग नको म्हणून. म्हणजे सरकारातही हे कळणारे लोक आहेत. कायदा मात्र दुसऱ्या मंत्रालयाकडे!

कायदा बदलायची वाट न बघताही एक गोष्ट करता येईल. कलम २७मध्ये कबुली नोंदवण्याआधी साहेबांनी आरोपीला एक वाक्य सांगायचं: तुम्हाला उपचार घ्यायचे असतील तर खटला थांबू शकतो. आणि प्रत्येक कोर्टाने महिन्याच्या तक्त्यात एक रकाना वाढवायचा, किती जणांना हे सांगितलं आणि किती जण गेले. ६४अ आणि ३९ दोन्ही आजच कायद्यात आहेत, नवीन काही लागत नाही. कोर्टात समुपदेशकाला बसायला खुर्ची मात्र लागेल.

त्या दिवशी कोर्ट उठलं पावणेसहाला. पोरगा बाहेर पडला, जिन्यात मी त्याला विचारलं, तुला दवाखान्यात जायचंय का रे? तो म्हणाला, "कुठल्या?" मला पटकन पत्ता सांगता आला नाही. १४४४६ हा सरकारी हेल्पलाइनचा नंबर कागदावर लिहून दिला. फोन त्याच्याकडे नव्हता.

पुढच्या वेळी व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान कुठल्या निकषांवर मिळतं आणि मारहाणीच्या तक्रारी येणारी विनापरवाना केंद्रं का चालू राहतात, त्यावर लिहीन. तोवर, वाचणाऱ्यांपैकी कुणी वकील असतील आणि त्यांनी दंडाधिकारी कोर्टात ६४अचा अर्ज प्रत्यक्ष चालवला असेल, तर कृपया सांगा, किती तारखा लागल्या.